अकरा सेकंदांचं वळण

माझं काम सोपं होतं.
मांडवात बसायचं, लॅपटॉपवर सात ठिपके बघायचे,
सात नावांचे, सात रंगांचे.
प्रत्येक नावेला काडेपेटीएवढं यंत्र दिलेलं.
ईसन मारबतेनं ते आधी कानाला लावलं,
मग पानाच्या पिशवीत टाकलं.

माघ होता. बांधीत लाखोळी निळी फुललेली,
धरण अजून काठोकाठ.

शीड पाहिजेच, असा नियम होता.
आमच्या डोंग्याला शीड कधी नव्हतंच;
बापजाद्यांनी वल्हं मारलं, उथळात बांबू रोवला.
म्हणून युरियाची बारा पोती उसवून
म्हाताऱ्यानं दाभणानं शीड शिवलं.
वारा भरला की काठावरून वाचता यायचं:
निव्वळ वजन पंचेचाळीस किलो,
हूक वापरू नये.
माइकवाला ज्याला परंपरा परंपरा म्हणत होता
ती ही.

प्रणोतीची नाव कोळशासारखी काळी,
दोन पोट्टे सहज उचलतील इतकी हलकी.
डोलकाठीच्या टोकावर चिमणीएवढा पंखा,
मनगटावर आकडे: वारा कुठून, किती,
आणि तीन मिनिटांनी कुठून.
ती वसाहतीच्या पत्र्याखाली जन्मली,
नागपूरच्या तलावावर शिकली.
जुनं गाव तिनं पाहिलं ते आजाच्या सातबाऱ्यावर.

डोंग्याला बावीस मिनिटं आधी सोडलं.
तरी कोणाला वाटलं नव्हतं.

मधेच वारा पडला.
पाणी परातीतल्या तेलासारखं.
मनगटावर शून्य, शून्य, शून्य.
ईसननं पलीकडच्या काठाचे बगळे बघितले,
कोणत्या अंगाला तोंड करून बसले ते,
आणि वारा नसतानाच शीड फिरवून ठेवलं.
पंख्याला ते दीड मिनिटानं कळलं.
मांडवातली माणसं खुर्च्यांवर उभी राहिली.

मग शेवटचा टप्पा.
समोर दोन नारिंगी पिंप, मधे नुसतं पाणी,
आणि म्हातारा सरळ येईना.
डावीकडं सरकला, बाक घेतला,
जणू तिथं काही उभं आहे.
प्रणोती दोरीसारखी सरळ आली.
अकरा सेकंद.

"वारा हुकला बुढ्याचा," साहेब म्हणाले
आणि फेटा कुठं आहे ते विचारायला गेले.

माझ्याकडं पुनर्वसनाच्या फायलीतला जुना नकाशा होता,
स्कॅन केलेला, कोपऱ्यात चहाचा डाग.
का कोण जाणे, मी तो ठिपक्यांच्या रेघांखाली सरकवला.
काळी रेघ गावातून आरपार.
हिरवी रेघ एका चौकोनाला वळसा घालून.
चौकोनात तलाठ्याच्या अक्षरात: माता माय.

"काका, काहून वळले तेथून?"
त्यानं खर्रा गालात सारला.
"मंग का तिच्या डोस्क्यावरून नेऊ डोंगा?"

प्रणोती मागं उभी होती, गळ्यात पदक, केसांतून पानी गळत.
मातेचं तिनं काही विचारलं नाही.
विचारलं, "आमचं घर कोठी?"
मी बोट ठेवलं, दोन रेघांच्या मधे, जरा वर.
तिनं ते मोठं केलं, अजून मोठं,
रेघा सुटून नुसते राखी चौकोन होईपर्यंत.

जाताना साहेबांना म्हणाली,
"पुढच्या साली पिंप उत्तरेकडे टाका."
"काहून?"
"तिकडे वारा बरा लागते."
लागत नाही. मी दिवसभराचे आकडे पाहिले होते.

रात्री सहा यंत्रं परत आली.
सातवं पानाच्या पिशवीत घरी गेलेलं.
मी लॅपटॉप मिटला नाही.
हिरवा ठिपका पानठेल्यापाशी बराच वेळ थांबला,
मग वसाहतीत, ओळ चार, घर नऊ.
पहाटे साडेचारला तो पाण्यात शिरला, जाळी काढायला.
शीड नसावं आता, वेग वल्ह्याचा होता,
थांबत, थांबत.
चौकोनाच्या अलीकडं आला
आणि यंत्राची बॅटरी संपली.